खिळ्याला टांगलेला रबर

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका कॉम्प्युटरपुढे गुडघ्यावर बसलो होतो. आमच्याकडचं ते सगळ्यात जुनं मशीन. बटण दाबलं की पंखा फिरायचा, पडदा काळाच राहायचा, आणि आतून एक लांब शिट्टी यायची. थोडं थांबून पुन्हा तशीच एक. फोन बाईंच्या भाच्याचा, मंदारचा होता. "लक्ष्मणदादा, आत्या सकाळी गेली," एवढंच तो बोलला. मशीन वाजतच राहिलं. लांब शिट्टी, विसावा, पुन्हा लांब शिट्टी... याचा अर्थ रॅमची पट्टी नीट बसलेली नाही किंवा तिच्या टोकांवर मळ धरला आहे. हे मला ज्यांनी शिकवलं त्याच आता नव्हत्या, आणि मशीन बंद करायलाही माझा हात उठत नव्हता.

सुमनबाई पिंगळीकर यांना सेलूत फार कमी लोक या नावानं ओळखत. त्या सगळ्यांच्या 'टायपिंगच्या बाई'. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, भावाच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत, त्यांचा टायपिंगचा वर्ग चाले. लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायच्या, वीस मशिनी नांदवते आहे, तेवढा संसार पुरे. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना. आमचं गाव देवगाव फाट्यापासून आत. घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, आणि शाळेची पायरी चढलेला मी पहिलाच. पदवीनं नोकरी लागत नाही, टायपिंग पाहिजे, असं कुणीतरी सांगितलं म्हणून मी फाट्यावरून जीपनं सेलूला यायला लागलो.

बाईंचं शिकवणं कानानं चालायचं. वीस मशिनींचा खडखडाट चालू असताना त्या खिडकीशी पाठ करून उभ्या असत, आणि मागे न बघता म्हणत, "तिसऱ्या मशिनीवरच्या, तुझी करंगळी झोपलीय." ती खरंच झोपलेली असायची. चुकलेलं अक्षर खोडायला एक खास रबर मिळायचा, चकतीसारखा गोल, कडक, मधोमध भोक असलेला. बाईंच्या कपाटात त्याचे डबेच्या डबे होते, पण विद्यार्थ्याला तो त्यांनी कधी दिला नाही. रबर हाताशी असला की बोट निष्काळजी होतं, असं त्यांचं म्हणणं. चुकलं तर पान फाडायचं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू करायचं. मी एकदा एकाच पानासाठी अकरा कागद फाडले आणि बाराव्याला डोळ्यांत पाणी आलं. बाई शेजारी येऊन म्हणाल्या, "रडायलास कशाला? कागद माझे फाटायलेत."

पुढे टायपिंगची परीक्षाच कॉम्प्युटरवर गेली. गावोगावचे वर्ग बंद पडले. बाई तेव्हा पंचावन्नच्या पुढे होत्या, आणि सगळ्यांना वाटलं आता त्या मशिनी भंगारात देऊन देवधर्म करतील. त्यांनी मशिनी खरंच दिल्या, आणि त्या जागी जुने कॉम्प्युटर आणून बसवले. त्यातला एक परीक्षेच्या तोंडावर सुरू होईना. दुरुस्तीवाला परभणीहून यायचा, आज येतो उद्या येतो करत पाचव्या दिवशी आला. त्यानं झाकण उघडलं, आतून एक बोटभर रुंदीची हिरवी पट्टी काढली, तिच्या सोनेरी टोकांवर खिशातला रबर फिरवला, पट्टी परत खाचेत दाबली, आणि मशीन सुरू झालं. सगळं मिळून तीन मिनिटं. बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "लक्ष्मण, ह्याच्यासाठी पाच दिवस पोरं खोळंबली? रबर तर आपल्याकडे कपाटभर आहे."

तिथून बाई दुरुस्तीला लागल्या. इंग्रजी पुस्तकं त्यांनी शब्दकोश घेऊन वाचली, पण त्यांचा खरा आधार कानच होता. कोणतं मशीन कशी शिट्टी देतं हे त्यांनी वहीत टायपिंगच्या धड्यासारखं लिहून काढलं होतं. त्यांची रीत ठरलेली. आधी वायर भिंतीतून काढायची. मग डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज पट्टीवर उतरत नाही. मग सगळ्या पट्ट्या बाहेर, टोकं पुसायची, आणि एकच पट्टी लावून बघायची. ती चालली की ती काढून त्याच खाचेत दुसरी. दोन्ही चालल्या तर दोष दुसऱ्या खाचेचा. "दोन संशयितांना एकदम उभं करायचं नाही," त्या म्हणत, "एकाचं बोट दुसऱ्याकडे जातं." पट्टी दाबताना दोन्ही बाजूंचे चाप आपोआप मिटून टक् वाजले पाहिजेत, एकच वाजला तर बसली नाही. सेलूत कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगचं बारीक तूस हवेत उडतं आणि कॉम्प्युटरच्या पंख्यातून आत शिरून खाचांत बसतं. तेव्हा बाईंना उसंत नसे. बँक, शाळा, दवाखाने, ऑनलाइन फॉर्म भरणारे दुकानदार, सगळीकडून निरोप यायचे. बाई पदर खोचून, रंगकामाचा मऊ ब्रश आणि तो गोल रबर पिशवीत टाकून निघायच्या.

एकदा माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, लोकर घेऊन बाजाराला आले होते आणि मला भेटायला वर्गावर आले. ते बाहेर पायरीवरच बसून राहिले. बाईंनी त्यांना आत बोलावलं. ते जमिनीवर बसायला लागले तशी खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "दादा, ही पाहुण्यांचीच आहे, रिकामी ठेवली तर तिला राग येतो." टेबलावर एक मशीन वाजत होतं. दादांनी कान देऊन ऐकलं आणि विचारलं, हे काय वरडायलंय? बाईंनी सांगितलं की आतली एक पट्टी नीट बसली नाही, म्हणून ते तक्रार करतंय. दादा हसले.

"तुमचं मेंढरू लय गुणाचं हाय, बाई. वरडून सांगतंय तरी. आमचं मरायच्या आदल्या दिशी सांगतंय."

बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. त्यानंतर मशीन वाजलं की त्या मला म्हणत, बघ रे, दादांचं मेंढरू ओरडायलंय.

टायपिंग झालं, पदवी झाली, आणि बाईंच्या ओळखीनं नव्हे पण त्यांच्या शिकवणीवर मला जवळच्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात कॉम्प्युटर ऑपरेटरची नोकरी लागली. हंगामी नेमणूक, दर वर्षी नव्यानं व्हायची. आमच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारा पहिला माणूस मी. आईनं गावात पेढे वाटले. आता मी जे सांगणार आहे ते या नोकरीच्या पहिल्याच वर्षातलं, आणि बाई कोण होत्या हे सांगायला मला तेवढं एकच पुरेसं वाटतं.

त्या हिवाळ्यात, कापसाच्या ऐन हंगामात, आमच्या प्रयोगशाळेतली नऊ मशिनं वाजायला लागली. मी बाईंना बोलावलं. दिवसभर बसून त्यांनी नऊच्या नऊ उघडली, तूस झाडलं, पट्ट्यांची टोकं गोल रबरानं लखलखीत घासली. नऊही सुरू झाली. प्राचार्यांनी स्वतः चहा सांगितला. माझी कॉलर ताठ झाली.

श्रावणात त्यातलं एक बंद पडलं. मग दुसरं. पंधरवड्यात सहा मशिनं गेली, आणि या वेळी पुसून, काढून, घालून काही उपयोग होईना. आज सुरू व्हायची, उद्या पुन्हा वाजायची. प्रवेशाचे दिवस होते, पोरं रांगेत उभी. प्राचार्यांनी मला खोलीत बोलावलं. ते ओरडले नाहीत. टेबलावरच्या कागदाकडे बघत म्हणाले, "किल्ली तुझ्याकडे असते. आणि रॅमची पट्टी खिशात मावते, लक्ष्मण."

मला समजायला वेळ लागला. चांगल्या पट्ट्या काढून विकल्या आणि जुन्या बसवल्या, असा त्यांचा समज झाला होता. दोन दिवसांनी संस्थेची बैठक होती आणि पुढच्या वर्षीची माझी नेमणूक तिथं ठरणार होती. नोकरी गेली असती तर मी मेंढरांमागे परत गेलो असतो, त्यात मला लाज नव्हती. पण चोर म्हणून परत जायचं... आमच्यासारख्यांच्या घरचा पहिला शिकलेला पोरगा चोर निघाला, ही गोष्ट गावात पुढची वीस वर्षं सांगितली गेली असती. ज्या आईबापांना पोराला शाळेत घालायचं नसतं त्यांना ती फार उपयोगी पडली असती.

मी बाईंकडे गेलो. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी बंद पडलेल्या मशिनांचे नंबर विचारले आणि हिवाळ्यातली वही काढली. सहाही नंबर त्यांनी घासलेल्या नऊ मशिनांतले होते. न घासलेलं एकही मशीन बंद पडलं नव्हतं. मी सोबत नेलेली पट्टी त्यांनी खिडकीशी नेली, भिंग लावलं, आणि किती तरी वेळ टोकं तिरपी करकरून बघत राहिल्या. मग भिंग माझ्या हातात दिलं. जिथं पिवळं चकाकायला हवं तिथं पांढुरकं दिसत होतं, आणि कडेला चक्क तांबूस.

टायपिंगचा रबर कागदावरची शाई खरवडण्यासाठी केलेला असतो. त्यात वाळूसारखी बारीक कच असते. पट्टीच्या टोकांवर सोन्याचा जो मुलामा असतो तो नखाहूनही किती तरी पातळ. बाईंच्या रबरानं मळाबरोबर तो मुलामाही नेला होता. घासल्यावर खालचा धातू काही महिने चकाकला, पावसाळी हवा लागली तसा काळवंडला. परभणीच्या दुरुस्तीवाल्याच्या खिशातला रबर पोरांच्या कंपासपेटीतला साधा, पांढरा, मऊ होता. बाईंनी त्या दिवशी सगळं बघितलं होतं, फक्त रबर कोणता हे बघितलं नव्हतं. कपाटभर रबर घरात असलेल्या माणसाकडूनच ही चूक होऊ शकत होती.

"लक्ष्मण, हे मी केलंय," बाई म्हणाल्या.

आता मला लिहायला संकोच वाटतो, पण त्या वेळी मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच भीती वाटली. सेलूत बाईंचा शब्द चालायचा. बाई आता साठीला टेकल्या होत्या, आणि एवढ्या उशिरा उभं केलेलं त्यांचं काम त्या शब्दावरच चालत होतं. मी म्हणालो, बाई, तुमी कशाला मधी येता, पावसाळी हवेनं झालं म्हणून सांगू, हवेला कोण विचारायलंय. बाईंनी पट्टी कागदात गुंडाळली.

"हवेनं पट्टी काळी पडते रे. झिजत नाही."

बैठकीच्या दिवशी बाई ऑटोनं कॉलेजवर आल्या. इस्त्रीची साडी, हातात नेहमीची पिशवी. प्राचार्य आणि संस्थेची चार-पाच माणसं बसली होती, त्यातल्या दोघांची मुलं बाईंच्या वर्गात शिकलेली. मला दाराशी उभं केलं होतं. बाईंनी टेबलावर रबर ठेवला, शेजारी पट्टी ठेवली, भिंग ठेवलं, आणि वर्गात धडा समजावतात तसं सगळं समजावलं. एकानं त्यांना सावरून घ्यायचा प्रयत्न केला. बाई, तुमी चांगल्यासाठीच केलं, रबरच तसला निघाला, त्याला कोण काय करणार. बाईंनी त्यांच्याकडे वळून सांगितलं, "रबराचा काय दोष? हात माझा होता. घासताना या मुलाचा हात त्या पट्ट्यांना लागलेला नाही." मग नव्या पट्ट्या मी स्वतः आणून बसवीन, आणि दोन्ही चाप वाजलेत का ते लक्ष्मण तपासेल, एवढं बोलून त्या उठल्या. प्राचार्य उठून त्यांना दारापर्यंत सोडायला आले. परत जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून ते काहीतरी पुटपुटले. माझी नेमणूक झाली. पण मला आजही आठवतं ते बाईंचं ताठ पाठीनं व्हरांड्यातून चालत जाणं.

गोष्ट इथं संपली असती तरी मी जन्मभर त्यांचा ऋणी राहिलो असतो. पण बाईंनी वही पुन्हा उघडली. त्या रबरानं आजवर जिथं जिथं पट्ट्या घासल्या होत्या त्या प्रत्येक ठिकाणी त्या स्वतः जाऊन आल्या. सेलूतली सगळी, मग देवगाव फाट्यावरची दोन दुकानं, मग पाथरी. पाथरीला मी त्यांच्याबरोबर एसटीनं गेलो होतो. तिथं फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानदाराला त्यांनी सांगितलं की तुमच्या मशिनीची पट्टी माझ्या हातून झिजली असणार, बघू द्या. तो गिऱ्हाइकाचा फॉर्म भरण्यात गुंतला होता. म्हणाला, "अहो बाई, चालू हाय की बरं. चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायलाव?" बाई म्हणाल्या की ते आज चालू आहे, पण शेवटच्या तारखेला बंद पडेल आणि रांगेतल्या कुणाचा तरी फॉर्म राहील. त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं गिऱ्हाइकाला थांबवलं आणि मशीन बंद केलं. पट्टी निम्मी झिजलेली निघाली. येताना त्यानं आम्हाला स्टँडपर्यंत सोडलं, आणि बसच्या खिडकीखाली उभा राहून मला म्हणाला, बिघडवून पैसे घेणारे लय बघितले, बिघडवलं म्हणून सांगायला येणारं पहिलंच माणूस. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मला वाटलं होतं, या फेऱ्यांनी त्यांचं काम बुडेल. काही ठिकाणी बुडालंही. एका दवाखान्यानं पुन्हा बोलावलं नाही, एका शाळेतल्या सरांनी चारचौघांत टोमणे मारले, बाईंनी कॉम्प्युटरला भांड्यासारखं घासलं म्हणून. बाई घरी येऊन तो टोमणा आम्हालाच सांगत आणि उपमा अचूक आहे म्हणत. पण त्या महिन्यानंतर जी गिऱ्हाइकं उरली ती शेवटपर्यंत उरली. तो गोल रबर त्यांनी फेकला नाही. भोकातून दोरा ओवला आणि कामाच्या टेबलासमोर, नजर वर केली की दिसेल असा, खिळ्याला टांगला. खाली टेबलावर पांढरा मऊ रबर. कुणी विचारलं तर सगळी हकिगत सांगत, आणि मी सांगायला लागलो की मध्येच थांबवून म्हणत, नुसतं रबराचं सांगू नको, हात कुणाचा ते सांग.

शेवटची भेट त्या जाण्याआधी पंधराएक दिवस झाली. दम्यानं फार थकल्या होत्या, उशांना टेकून बसल्या होत्या. मी आता त्याच प्रयोगशाळेचा प्रमुख आहे, नवी मशिनं आली आहेत, हे सगळं त्यांनी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "श्रावणात वाजतात का रे अजून?"

मी सांगितलं की नव्या मशिनीत शिट्टीच नसते, आत कुठेतरी एक बारीक दिवा लुकलुकतो.

"म्हणजे झाकण उघडून बघणाऱ्यालाच कळणार," बाई म्हणाल्या, आणि मग हळूच, "दादांचं मेंढरू मुकं झालं म्हण की."

चौदावा झाल्यावर मंदारनं बोलावलं. पुढच्या दोन खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. तुला लागेल ते घेऊन जा, असं तो म्हणाला. ब्रश, स्क्रू-ड्रायव्हर, भिंग, जुन्या पट्ट्यांचा डबा, सगळं त्यानं टेबलावर काढून ठेवलं होतं. मी भिंतीकडे बघितलं. रबर खिळ्याला होता, एका बाजूनं झिजून चंद्रकोरीसारखा झालेला. ती रबराची गोष्ट घडली तेव्हा मंदार शिकायला बाहेर होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, तो टणक झालाय, कामाचा नाही. मी तेवढाच घेतला.

आता तो प्रयोगशाळेत माझ्या टेबलासमोर आहे. गेल्या आठवड्यात सकाळी आमची नवी हंगामी ऑपरेटर दारातच उभी राहिली. वर्षा नाव तिचं, मानवतकडच्या खेड्यातून येते. तिच्या विभागातलं एक मशीन सुरू होत नव्हतं, आणि मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "सर, मी काहीच केलं न्हाई." तो आवाज मला ओळखीचा वाटला. मी झाकण उघडलं. आत तांबडा दिवा लुकलुकत होता. पट्टीचा एक चाप मिटला होता, दुसरा उघडाच. आदल्या दिवशी घाईत ती पट्टी मीच बसवली होती, एकच टक् ऐकून समाधान मानलं होतं. वायर काढली, पट्टी दाबली, दोन्ही चाप वाजले, मशीन सुरू झालं. तेवढ्यात प्राचार्य डोकावले, आता नवे आहेत ते, आणि काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं की काल माझ्या हातून पट्टी अर्धवट बसली होती. ते मान हलवून गेले.

वर्षाचा जीव भांड्यात पडला. ती इकडेतिकडे बघायला लागली, आणि तिची नजर खिळ्यावर गेली. ते काय टांगलंय, सर, तिनं विचारलं. मी शेजारची खुर्ची ओढून तिला बसायला सांगितलं, आणि सुरुवात रबरापासून न करता बाईंच्या हातापासून केली.